कुंकवाआडचे मैल

मी एक जुना मैलमापक आहे. थांबा मित्रांनो, लगेच पान उलटू नका! फाटक्या छत्रीचं, मोडक्या पंख्याचं आणि पडक्या शाळेचं रडगाणं तुम्ही ऐकून ऐकून कंटाळला असाल, ठाऊक आहे मला. माझ्याकडंही थोडं रडगाणं आहेच, म्हाताऱ्याकडं नसायचं कुणाकडं? पण माझ्या गोष्टीत एक अख्खं वऱ्हाड चिखलात बसतं. तेवढ्यासाठी तरी थोडं थांबा.

मैलमापक हे माझं पुस्तकी नाव. आमच्या चिंताकीत मला सगळे 'मीटर' म्हणत. माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला आणि तिथून मी एका लष्करी लॉरीत जाऊन बसलो. लष्कराला लॉरी नकोशी झाली तेव्हा ती लिलावात निघाली, आणि तिच्याबरोबर मीही. माझी तबकडी तळहाताएवढी, वर काच, भोवती पितळेचं कडं. वरच्या अंगाला वेग दाखवणारा काटा. तो मोठा मिजासखोर, सारखा थरथरायचा. खाली एक छोटी खिडकी आणि तिच्यात सरकणारे आकडे. खरं काम त्या आकड्यांचं. गिअरपेटीतून एक पिळाची तार माझ्या पाठीत येते. चाकं फिरली की तार फिरते, आणि तार फिरली की माझे आकडे पुढं सरकतात. रस्ता मला दिसत नाही, गाव कळत नाही. चाक फिरलं की मी मोजणार, बस्स. हे तेवढं ध्यानात ठेवा, पुढं कामाला येईल.

लिलावात मला घेतलं चिंताकीच्या उद्धवरावांनी. तेव्हा आमचा मुलूख म्हैसूर राज्यात होता. उद्धवराव शेतकरी आणि तुरीचे व्यापारी. माणूस दिलदार, पण खिशात हात घालायची वेळ आली की त्यांचा हात हमखास आखडायचा. त्यांची बायको सत्यभामाबाई. त्या बोलायला लागल्या की अंगणातली कुत्रीसुद्धा गप बसायची. लॉरी चालवायला बाबूलाल. तो दिवसभर पान चघळायचा, म्हणून कमी बोलायचा. रोज सकाळी तो तोंडातली वाफ माझ्या काचेवर सोडायचा आणि गळ्यातल्या रुमालानं ती लख्ख पुसायचा. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सोन्याचे दिवस!

आता रस्त्याचं सांगतो. चिंताकीपासून मोठ्या सडकेपर्यंत पूर्वी नुसती गाडीवाट होती. चार गावच्या लोकांनी घाम गाळून, दगड फोडून, मुरूम टाकून तिचा रस्ता केला. त्याची डागडुजी करायला गावांनी आपलं आपण एक रस्ता मंडळ काढलं. सरकारचा कर वेगळा, तो सरकारला. हा रस्ता गावांचा, म्हणून त्याची वर्गणीही गावांची. आधी प्रत्येक लॉरीला वर्षाची वर्गणी सारखीच होती. त्यावरून एकदा मारुतीच्या पारावर मोठी खडाजंगी झाली.

आप्पाराव नावाचे एक लॉरीवाले होते. त्यांची गाडी फक्त सुगीला यायची. ते तावातावानं उठले. "माझी गाडी वर्षातून चार दिस येती, काहींची रोज धावायलीय. वर्गणी मातर दोघांला सारखीच! ह्यो कुठला न्याव? ज्यानं रस्ता जास्ती तुडवला त्यानं जास्ती भरावं."

"खाईल त्याला खवखवे," मंडळाचे अध्यक्ष गुंडप्पा म्हणाले. गुंडप्पांकडं लॉरी नव्हती, पंचक्रोशीत नावाजलेली बैलजोडी होती. त्यामुळं लॉरीवाल्यांचा न्याय करताना त्यांना फार आनंद व्हायचा.

मग ठरली मैलपट्टी. मोठ्या सडकेच्या तोंडाशी मंडळाचा नाका, आणि नाक्यावर महादेवप्पा. लॉरी रस्त्यावर आत आली की त्यानं मीटरचा आकडा टिपायचा, बाहेर पडताना पुन्हा टिपायचा. मधला फरक म्हणजे गावांच्या रस्त्यावर तुडवलेले मैल. या गावाहून त्या गावाला, या खळ्यावरून त्या खळ्यावर, कुठंही हिंडा, मीटर सगळं सांगतो. भरल्या गाडीला मैलामागं दर जास्त, रिकाम्या गाडीला कमी, कारण जड चाकाखाली रस्ता जास्त दबतो. जमेल त्यातून मुरूम आणायचा आणि खड्डे बुजवायचे. सरळ हिशेब! हात वर करून पहिली संमती कुणी दिली असेल? आमच्या उद्धवरावांनी. त्यांना मनापासून वाटत होतं की आपण फिरून फिरून असं कितीसं फिरतो!

पहिल्याच महिन्याला त्यांना कळलं. पंचक्रोशीत सगळ्यात जास्त मैल आमचे होते. "मीटर बिघडला की काय रं बाबूलाल?" ते म्हणाले. बाबूलालनं पान दुसऱ्या गालात सारलं आणि मान हलवली. "मीटर ठीक है, मालक. आपुनच लई फिरायलाव."

उद्धवरावांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी जणू त्यांच्या घरात राहून शेजाऱ्याला बातम्या पुरवतो. पण काय करता? कुरकुरत का होईना, पट्टी भरत राहिले. मंडळ त्यातून मुरूम आणत राहिलं. मधल्या ओढ्यात बारमाही पाझर होता आणि तिथला उतार सारखा खचायचा, पण दगड पडत होते, गाड्या जात होत्या. मला नाक्यावर मोठा मान होता. महादेवप्पा वाकून बघायचा, आकडा मोठ्यानं वाचायचा आणि म्हणायचा, "नोडरी, बघा, मीटर खोटं बोलत न्हाई!" ते ऐकून माझा तो मिजासखोर काटासुद्धा जागेवर गप बसायचा.

मग आला दसरा. खंडेनवमीला आमच्याकडं नांगर, विळे, तराजू, सगळ्यांची पूजा होते. लॉरी धुतली, झेंडूच्या माळा घातल्या, चाकाखाली लिंबू ठेवलं. सत्यभामाबाई हळदकुंकवाचं ताट घेऊन आत चढल्या. सुकाणूच्या चाकाला कुंकू, भोंग्याला कुंकू, आणि मला बघून त्या थबकल्या. "हे गोल गोल काय हाय वो?"

"गाडी किती धावली ते मोजायचं यंत्र," उद्धवराव म्हणाले.

"मग ह्योच खरा कष्टाळू म्हणायचा!" असं म्हणून त्यांनी तुपात भिजवलेल्या कुंकवाचं भलं मोठं बोट माझ्या काचेवर टेकवलं, नेमकं आकड्यांच्या खिडकीवर. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला कष्टाळू म्हणणारं ते पहिलं माणूस. मी भारावून गेलो. दिसेनासं मात्र झालं.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर महादेवप्पा वाकला. आकड्याच्या जागी लालभडक ठिपका. त्यानं खांद्यावरचं फडकं काढलं आणि तो पुसणार, तोच उद्धवराव केवढ्यानं ओरडले! "ए, थांब! सवाष्णीनं लावलेलं कुंकू पुसतोस व्हय?"

ते खरंच घाबरले होते, त्यात खोटं काही नव्हतं. महादेवप्पाच्या हातातलं फडकं खाली पडलं. "शिवा शिवा! चुकलं अण्णा. जावा, जावा तुमी."

गाडी सुटली. थोडं पुढं गेल्यावर उद्धवराव आधी गालात हसले, मग मोठ्यानं हसले, आणि मग एकदम गप झाले. त्यांच्या डोक्यात किडा वळवळायला लागला होता. शुक्रवारी ते बायकोला म्हणाले, "अगं, गाडी म्हणजे लक्षुमी. तिला दर शुक्करवारी कुंकू लावत जा. त्या मीटरला जरा ठळक लाव, बिचारा कष्टाळू हाय."

सत्यभामाबाई हरखल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, नवऱ्याला देवाधर्माचं काही सुचलं ते पहिल्यांदाच. त्या दर शुक्रवारी न चुकता, जुन्यावर नवं असं माझं कुंकू ठळक करू लागल्या. दोन महिन्यांत माझ्या कपाळावर कुंकवाची पोळी झाली.

महादेवप्पा काय करणार? आकडा लिहायच्या जागी तो 'कुंकू' असं लिहायचा. शेवटी त्यानं मंडळापुढं रडगाणं मांडलं. सगळे पारावर जमले. गुंडप्पा म्हणाले, "पुसायला पायजे."

"व्हय, पुसायला पायजे," सगळे म्हणाले.

"मग कोण पुसतो?"

एकजण पिंपळाकडं बघायला लागला. एकानं पायातला काटा शोधायला घेतला. आप्पारावांना एकाएकी म्हशीची आठवण झाली. दुसऱ्याच्या बायकोचं कुंकू पुसायचं म्हणजे काय चेष्टा आहे? उद्धवरावांना उद्या काही झालं तर गाव कुणाच्या नावानं बोटं मोडणार? आणि उद्धवराव स्वतः तर हात जोडून म्हणत होते, "मला मरायची घाई न्हाई बाबांनो!" अखेर ठरलं, कुंकू आपोआप गळून पडेपर्यंत वाट बघायची. त्या मंडळात एकही बाई नव्हती, सगळा घोळ त्यामुळं झाला. का ते पुढं कळेलच.

माझे मात्र हाल कुत्रं खाईना. पूजा दर आठवड्याला, बघणारं कुणी नाही. मी अंधारात मोजत राहिलो. बाबूलाल सकाळी रुमाल घेऊन यायचा, माझ्याकडं बघायचा आणि रुमाल परत गळ्यात बांधायचा. नुसतं कडं पुसून जायचा बिचारा. तुरीची सुगी आली. आमची लॉरी पोत्यांनी गच्च भरून दिवसाला खेपांवर खेपा करू लागली आणि पट्टी भरायची नाही म्हणून उद्धवराव मोकाट सुटले. ज्या खळ्यावर गुंडप्पांची बैलगाडी सहज गेली असती तिथंही आमचीच लॉरी! मंडळाकडं इतरांची पट्टी येत होती, पण रस्ता सगळ्यात जास्त आम्ही खात होतो आणि आमच्याच वाट्याचा मुरूम येत नव्हता. ओढ्याचा उतार खचला. तिथं आधी खळगा पडला, मग खड्डा, आणि माघ महिना उजाडेपर्यंत त्यात म्हैस बसू लागली.

त्याच माघात उद्धवरावांच्या एकुलत्या एका लेकीचं, कलाचं, लग्न निघालं. नवरदेव हुमनाबादच्या पलीकडचा, घर खातंपितं. लग्न त्यांच्या दारी, मुहूर्त भर दुपारचा. नवरदेवाचे वडील किशनराव वेळेचे फार काटेकोर. त्यांनी निरोप धाडला होता, "मुहूर्त टळला तर मंडप सोडीन." आणि ते सोडणारे होते. याआधी त्यांनी थोरल्याच्या लग्नात खरंच एकदा सोडला होता.

सकाळी वऱ्हाड आमच्याच लॉरीत चढलं. नवरी हळदीच्या पिवळ्या अंगानं, हिरव्या शालूत, पुढं आईजवळ. मागं बायाबापड्या, गुंडप्पा नवा फेटा बांधून, आणि आदल्या दिवशी हळदीच्या जेवणाला आलेला महादेवप्पाही. सत्यभामाबाईंनी निघताना मला ताजं कुंकू लावलं. बाया गाणी म्हणत होत्या. ओढा आला, बाबूलालनं वेग कमी केला, आणि मागची चाकं धपकन खड्ड्यात बसली.

बाबूलालनं जोर दिला. चाकं गरगरा फिरली, चिखल उडाला, लॉरी तसूभर हलली नाही. "आणखी रेट!" उद्धवराव ओरडले. त्यानं आणखी रेटलं. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तसं चाक खाली खाली जाऊ लागलं. आणि मी? मला काय कळतंय? चाक फिरतंय, मी मोजतोय! माझा काटा असा उभा राहिला जणू आम्ही हैदराबाद गाठायला निघालोय. बाबूलाल त्याच्याकडं बघून म्हणाला, "मालक, मीटरच्या हिशेबानं आपुन लई जोरात जायलाव."

गडी उतरून ढकलू लागले. चाकानं असा काही फवारा मारला की गुंडप्पांचा नवा फेटा काळा झाला. ऊन वर चढत होतं. कलाचा चेहरा उतरला. ती हळूच म्हणाली, "आई, ते मंडप सोडतेत का गं खरंच?" आणि तिच्या डोळ्यात पाणी आलं. मित्रांनो, ते मला दिसलं नाही, पण ऐकू आलं, आणि माझ्या आतली चाकंसुद्धा गलबलली.

सत्यभामाबाई ताडकन खाली उतरल्या. "गावाची पट्टी जाती कुठं? इतका मोठा खड्डा, कामून बुजवला न्हाई?"

उद्धवरावांनी महादेवप्पाला डोळा मारला, पण तो भोळा माणूस डोळ्यातला चिखल पुसत होता. त्याला दिसलंच नाही. "अक्का, पट्टी यायला मीटर वाचायला पायजे की. ह्या रस्त्यावर सगळ्यात जड गाडी तुमची. दसऱ्यापासून तुमच्या मीटरवर कुंकू हाय. मी कसं पुसू?"

"दसऱ्यापासून?"

"व्हय. अण्णा म्हणले, सवाष्णीचं कुंकू पुसायचं न्हाई."

सत्यभामाबाईंना सगळं उमगलं. ते शुक्रवार, ती लक्ष्मी, तो बिचारा कष्टाळू! त्या नवऱ्याकडं वळल्या. आवाज चढला नाही, हेच जास्त भयंकर. "माझ्या कुंकवाच्या आड लपलाव व्हय तुमी? मी तुमच्यासाठी देवाला हात जोडायले आन तुमी त्याच कुंकवानं गावाचे डोळे झाकायलाव?"

उद्धवरावांच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, पर पुसायचं कसं? अशुभ असतंय ते."

"अवो, मी रोज सकाळी तोंड धुते तवा कुंकू धुतेच की! शिळ्यावर ताजं लावतेत काय कुणी? धुवायचं आन नवं लावायचं. इतक्या वर्षांत माझ्या तोंडाकडं कधी बघितलाव का न्हाई?"

पुरुष मंडळींनी कपाळाला हात लावला. प्रत्येकाच्या घरात रोज सकाळी न्हाणीत हे होत होतं आणि एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं! मागच्या बाया मात्र तोंडाला पदर लावून अशा हसल्या की लॉरी हलली. बाबूलाल पुढं सांगायचा, तेवढीच काय ती हलली.

सत्यभामाबाईंनी ओढ्याचं पाणी आणलं आणि पदरानं माझी काच धुतली. पहिल्यांदा लाल झालं, मग गुलाबी, मग लख्ख. उजेड आला. महादेवप्पा वाकला आणि आकडा मोठ्यानं वाचू लागला. वाचता वाचता त्याचा आवाजच बसला.

मग सत्यभामाबाई ओढ्याच्या काठावर एका दगडावर बसल्या. "गावापुढं कबूल करा. दसऱ्यापासून मीटरमध्ये जे असंल ते भरणार म्हणून. तवर मी उठत न्हाई. पोरीची आई नसली तर कन्यादान करा एकट्यानं."

उद्धवरावांनी सूर्याकडं बघितलं, लेकीकडं बघितलं, बायकोकडं बघितलं. मग हात जोडले. "भरतो. समदं भरतो. उठ बाई." आणि लगेच जुनी खोड उसळली. "पर एक सांगा. आत्ता चिखलात चाकं फिरली, तेबी मैल ह्यात आलेच असतील. गाडी तर हललीबी न्हाई! ते कामून भरायचे?"

गुंडप्पांनी फेट्याचा चिखल पिळला. "अण्णा, पट्टी रस्ता झिजल्याची हाय. आन आजच्याइतका रस्ता तुमी कधी झिजवला न्हाई. खड्डा बघा की, कंबरेएवढा झालाय!"

गुंडप्पांची बैलजोडी जवळच्या रानात होती, ती आणून जुंपली. बाकीचे दगड आणू लागले. पहिला दगड उद्धवरावांनी टाकला, आणि कुणी अडवायच्या आत नवरीनंही शालू खोचून एक टाकला. चाकाखाली आधार झाला, बैलांनी मान खाली घातली, आणि आमची लॉरी म्हातारीसारखी कण्हत बाहेर आली.

आम्ही पोचलो तेव्हा मुहूर्ताला जेमतेम घटका उरली होती. किशनराव मंडपाच्या दोऱ्या हातात घेऊनच उभे होते. लॉरीतून चिखलानं माखलेलं वऱ्हाड उतरताना बघून ते म्हणाले, "हे लगीन हाय का धुळवड?" सत्यभामाबाई म्हणाल्या, "आधी व्याही व्हा, मग सांगते निवांत." अक्षता पडल्या. कला सासरी गेली. पुढच्या आठवड्यात ओढ्याच्या उतारावर मुरूम पडला, तो आमच्या मैलांचा.

त्यानंतर उद्धवराव पट्टी भरताना कुरकुरले नाहीत असं म्हणणार नाही. मीटर खोटं बोलत नसतो. कुरकुरले, पण भरली. राज्याचं नाव बदललं, पुढं सरकारनं रस्ता डांबरी केला, मंडळ मोडलं, नाकाही गेला. माझी लॉरी थकली आणि हुमनाबादला मोडीत निघाली. तिथं माझ्यावर धूळ बसली, गंज चढला आणि माझ्याकडं ढुंकून बघणारं कुणी राहिलं नाही. मोडीवाला हातोडा घेऊन आला तेव्हा बाबूलाल पानाची पिंक टाकून म्हणाला, "थांब. एवढा मला दे." त्यानं मला खोलून काढलं, रुमालात गुंडाळलं आणि सत्यभामाबाईंच्या हातात आणून दिलं.

त्यांनी मला न्हाणीजवळच्या कोनाड्यात ठेवलं, त्यांच्या आरशाशेजारी. रोज सकाळी त्या तोंड धुतात आणि ओल्या पदरानं माझी काच पुसतात. मग आधी स्वतःला कुंकू लावतात, नंतर मला. काचेला नाही, वरच्या पितळी कड्याला. आता मी काहीच मोजत नाही, तरी माझे आकडे लख्ख दिसतात.

परवा त्या कलाकडं गेल्या, नातीच्या बाळंतपणाला. चार दिवस माझ्याकडं कुणी बघितलं नाही. पाचव्या दिवशी उद्धवराव आले. आता म्हातारे झालेत. त्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, घरात कुणी नाही याची खात्री केली. मग धोतराचा सोगा भिजवून माझी काच पुसली. बायकोची कुंकवाची डबी उघडली आणि बोटानं माझ्या कड्याला एक ठिपका लावला, पार वाकडा.

सत्यभामाबाई परत आल्या तेव्हा त्यांच्या नजरेतून तो सुटला नाही. "हे वाकडं कुंकू कुणी लावलं?"

"मला काय ठाव?" उद्धवराव चहात तोंड घालून म्हणाले.

त्या हसल्या. ते कुंकू त्यांनी दिवसभर तसंच ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुताना धुतलं.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र असेल. दसऱ्याला त्याला हार घाला, कुंकू लावा, मला बरंच वाटेल. पण आधी त्याची काच धुवा, आणि ते काय सांगतंय ते वाचा.